रेसिप्रोकेटिंग पंपाच्या पिस्टनचं माप कसं काढायचं: व्यास, स्ट्रोक, लांबी आणि फट

"या पंपाला किती व्यासाचा पिस्टन बसवू?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, पाणी किती हवंय, कुठल्या प्रेशरला हवंय आणि पंप फिरणार किती आरपीएमवर. यातलं एक जरी माहीत नसेल तर व्यासाचा आकडा हा नुसता अंदाज होतो. बरेच जण काय करतात, डिस्चार्जच्या (पंप मिनिटाला किती पाणी देतो त्याच्या) फॉर्म्युल्यात आकडे घालतात, व्यास काढतात आणि थेट लेथवर जातात. डिस्चार्जचा हिशोब बरोबरच असतो हो, पण तो अर्धाच असतो, कारण डिस्चार्जमधून आलेला व्यास क्रँकवरच्या भारात बसतोय का आणि सक्शनला म्हणजे पाणी आत ओढायच्या बाजूला झेपतोय का हे बघायचं राहून जातं आणि पंप नेमका तिथेच मार खातो.

म्हणून खाली एक पंप घेऊन सगळा हिशोब करतो. उदाहरण असं: मिनिटाला ६० लिटर पाणी, प्रेशर ४० बार, तीन प्लंजरचा म्हणजे ट्रिप्लेक्स, सिंगल ॲक्टिंग (फक्त पुढे जाताना पाणी ढकलणारा) पंप, क्रँक ३०० आरपीएम. पिस्टन आणि प्लंजर यात फरक एवढाच की पिस्टनवरचं सील पिस्टनसोबत सरकतं आणि प्लंजरचं पॅकिंग (गळती अडवणाऱ्या रिंगा) जागेवर थांबून प्लंजर त्यातून सरकतो. व्यास आणि स्ट्रोकचा (पिस्टनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या चालीचा) हिशोब दोन्हीला सारखाच, लांबी आणि फटीचा मात्र वेगळा, तो पुढे येईल.

आधी एका फेरीचं पाणी

सिंगल ॲक्टिंग सिलिंडर एका फेरीत पिस्टनचं क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक एवढं पाणी ढकलतो. क्षेत्रफळ म्हणजे व्यास × व्यास × ०.७८५४. हे सगळं सेंटीमीटरमध्ये करा, उत्तर थेट घन सेंटीमीटरमध्ये म्हणजे मिलीलिटरमध्ये येतं, हजाराने भागलं की लिटर झाले. मिलीमीटरमध्ये केलंत तर दहा लाखांनी भागावं लागतं आणि तिथे एखादं शून्य इकडचं तिकडे होतंच होतं. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे क्रँकची त्रिज्या हाच स्ट्रोक धरणं. स्ट्रोक त्रिज्येच्या दुप्पट असतो, क्रँकपिन सेंटरपासून २६ मिमीवर असेल तर स्ट्रोक ५२ मिमी.

आता ६० लिटर हे प्रत्यक्षात मिळायला हवेत, आणि पंप कागदावरच्या हिशोबाएवढं पाणी कधी देत नाही. व्हॉल्व्ह बंद व्हायला थोडा वेळ घेतो तेवढ्यात पाणी मागे येतं, पॅकिंगमधून थोडं गळतं, पाण्यात हवा असते. या सगळ्याला मिळून व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी म्हणतात, चांगल्या स्थितीतल्या पंपाला ती साधारण ०.८५ ते ०.९७ असते. नवा ट्रिप्लेक्स, स्वच्छ थंड पाणी, मी ०.९३ धरतो. (लांब सक्शन पाइप, जास्त स्पीड आणि डिलिव्हरीला कमी प्रेशर असं जुळून आलं तर पाण्याच्या वेगामुळे सक्शन चालू असतानाच डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडतो आणि पंप हिशोबापेक्षा जास्तही पाणी देतो, त्याला निगेटिव्ह स्लिप म्हणतात. पण त्याच्या भरवशावर डिझाईन करायचं नसतं.)

तर ६० भागिले ०.९३ म्हणजे ६४.५ लिटर प्रति मिनिट. तीन प्लंजर आहेत म्हणून तीनने भागा, २१.५. ३०० फेऱ्या आहेत म्हणून ३०० ने भागा, ०.०७१७ लिटर, म्हणजे ७१.७ घन सेंमी. एका प्लंजरने एका फेरीत एवढं पाणी ढकलायचंय. इथून पुढे व्यास आणि स्ट्रोक दोघांनी मिळून हे ७१.७ भरून काढायचे.

व्यास आणि स्ट्रोक वाटून घेणं

इथे एक समीकरण आणि दोन अनोळखी आकडे असल्यामुळे गाडी अडते. मग स्ट्रोक आणि व्यासाचं गुणोत्तर आपण ठरवायचं. साधारण १ ते २ च्या मध्ये ठेवतात, प्रेशर जास्त असेल तर २ कडे किंवा त्याच्याही वर जावं म्हणजे व्यास बारीक राहतो. आपल्या ४० बारला मी १.२ धरून सुरुवात करतो. मग ७१.७ = ०.७८५४ × १.२ × व्यासाचा घन. व्यासाचा घन आला ७६.१, घनमूळ ४.२४, म्हणजे व्यास साधारण ४२.४ मिमी.

४२.४ चा प्लंजर कुणी करत नाही, पॅकिंग कुठल्या मापाचं मिळतं ते बघून आकडा जवळच्या मापावर न्यायचा. इथे थोडं थांबून दोन तीन पर्याय करून बघा, कारण खरा निर्णय इथेच होतो. ४० मिमी घेतला तर क्षेत्रफळ १२.५७ चौ. सेंमी, स्ट्रोक लागतो ५७ मिमी. ४२ घेतला तर १३.८५ चौ. सेंमी, स्ट्रोक ५२. ४५ घेतला तर १५.९० चौ. सेंमी, स्ट्रोक ४५. पाणी तिन्हींत तेवढंच. पण ४० बारला प्रत्येक प्लंजर क्रँकला मागे किती जोराने ढकलतो ते बघा: १ बार म्हणजे ०.१ न्यूटन प्रति चौ. मिमी, तर ४० बार म्हणजे ४. ४० मिमीला ५०२७ न्यूटन, ४२ ला ५५४२, ४५ ला ६३६२. म्हणजे ४० वरून ४५ वर गेलात की पाण्यात काही वाढ नाही पण बेअरिंग, क्रॉसहेड (कनेक्टिंग रॉड आणि प्लंजर यांना जोडणारा सरकता भाग) पिन, कनेक्टिंग रॉड सगळ्यांवर पाव पटीहून जास्त भार वाढला. उलट बाजूने, व्यास फार बारीक करून स्ट्रोक फार लांबवलात तर क्रँक मोठा होतो, क्रँककेस मोठं होतं आणि प्लंजरचा वेग वाढतो.

वेग तपासायचा सोपा हिशोब: दोन गुणिले स्ट्रोक मीटरमध्ये गुणिले आरपीएम, भागिले ६०. आपला ५२ मिमी स्ट्रोक आणि ३०० आरपीएम, म्हणजे २ × ०.०५२ × ३०० ÷ ६० = ०.५२ मीटर प्रति सेकंद. हा सरासरी वेग. सतत चालणाऱ्या पंपाला मी १ च्या खाली राहतो, पाण्यात रेती किंवा माती असेल तर अर्ध्याच्या आसपास, कारण वेगाबरोबर पॅकिंगची झीज वाढते आणि व्हॉल्व्ह आपटायला लागतात.

मी ४२ × ५२ पक्कं केलं. आता उलटा हिशोब करून बघायचा, हा टाळू नका. १३.८५४ × ५.२ = ७२.०४ घन सेंमी, गुणिले ३ गुणिले ३०० = ६४.८ लिटर, गुणिले ०.९३ = ६०.३ लिटर. बसलं.

मोटरचं पण इथेच बघून घ्या. लिटर प्रति मिनिट गुणिले बार भागिले ६०० म्हणजे किलोवॅट. ६०.३ × ४० ÷ ६०० = ४.०२. मेकॅनिकल एफिशियन्सी ०.८५ धरली तर ४.७३, म्हणजे ५.५ किलोवॅटची मोटर. प्रेशर गेज किलो प्रति चौ. सेंमीमध्ये असेल तर गोंधळू नका, १ बार म्हणजे १.०२ किलो, जवळपास तेच. आणि भार काढताना नेहमीचं प्रेशर नाही, रिलीफ व्हॉल्व्ह ज्या प्रेशरला उघडतो ते धरा. रिलीफ ४५ बारला सेट असेल तर ४२ च्या प्लंजरवर ६२३४ न्यूटन येतात, रॉड आणि बेअरिंग त्यासाठी बघायचं.

डबल ॲक्टिंग असेल तर रॉड विसरू नका

डबल ॲक्टिंगमध्ये पिस्टन जाताना आणि येताना दोन्ही वेळा पाणी ढकलतो, पण एका बाजूला पिस्टन रॉडने जागा अडवलेली असते. म्हणून एका फेरीचं क्षेत्रफळ दोन गुणिले पिस्टन वजा एक रॉड. समजा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १०० मिमी, स्ट्रोक १५०, रॉड ३० मिमी, ६० आरपीएम. पिस्टन ७८.५४ चौ. सेंमी, रॉड ७.०७, तर १५७.०८ − ७.०७ = १५०.०१, गुणिले १५ सेंमी गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला १३५ लिटर. रॉड वजा करायचा राहिला तर १४१.४ येतात, जवळपास पावणेपाच टक्क्यांची चूक, आणि मग पंप सुरू केल्यावर "एफिशियन्सी कमी का येतेय" म्हणून व्हॉल्व्ह उघडून बसायचं.

भार पण दोन्हीकडे वेगळा. १० बारला पुढे ढकलताना ७८५४ न्यूटन दाब, मागे येताना रॉडवर ७१४७ न्यूटन ताण. रॉड लवण्याची भीती बहुतेकांना वाटते, पण ३० मिमीचा स्टीलचा रॉड ५०० मिमी मोकळ्या लांबीला ऑयलरच्या फॉर्म्युल्याने ३ लाख न्यूटनच्या वर जातो, तिथे काही अडचण नाही. रॉड मोडतो तो पिस्टनच्या नटाजवळ, आट्यांच्या मुळाशी. एम २४ आट्यांचं ताण घेणारं क्षेत्रफळ ३५३ चौ. मिमी, ७१४७ भागिले ३५३ म्हणजे २० न्यूटन प्रति चौ. मिमी. आकडा छोटा दिसतो, पण ६० आरपीएमचा पंप दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालला तर हा ताण वर्षात ८६ लाख वेळा येतो आणि जातो. नट ढिला असेल तर प्रत्येक वेळी वर ठोका. म्हणून तिथे कोपरा धारदार ठेवायचा नाही, रेडियस द्यायचा, आणि नट नीट कसून लॉक करायचा.

डिस्क पिस्टनची जाडी काढायची असेल तर सपाट चकतीचा नेहमीचा फॉर्म्युला, व्यास गुणिले वर्गमूळ (३ × प्रेशर ÷ (१६ × मटेरियलला चालणारा ताण)). १०० मिमी, १ न्यूटन प्रति चौ. मिमी, बीडाला ३५ धरला तर ७.३ मिमी येते. मी कमीतकमी १२ ठेवतो, कारण रिंगचे खाचे कापल्यावर मटेरियल उरायला हवं. पिस्टनची एकूण लांबी व्यासाच्या अर्ध्याहून कमी केली तर आडव्या पंपात तो तिरका होऊन खालच्या बाजूला घासतो, ७०-८० मिमी लांबी इथे बरी.

सिलिंडरचा बोअर मग स्ट्रोक अधिक पिस्टनची लांबी अधिक दोन्ही टोकांना ५-५ मिमी, म्हणजे १५० + ८० + १० = २४० मिमी. टोकाला बोअर थोडा मोठा करून घ्या म्हणजे स्ट्रोकच्या शेवटी रिंग त्याच्या कडेवरून किंचित बाहेर येते. हे केलं नाही तर रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंत बोअर झिजतो आणि पुढे धार तयार होते, पुढच्या वेळी बेअरिंग बदललं आणि स्ट्रोकची जागा अर्धा मिमी सरकली की रिंग त्या धारेवर आपटून तुटते.

प्लंजरची लांबी

ही गोष्ट कुठल्याच फॉर्म्युल्यात मिळत नाही, कागदावर दोन्ही टोकांची पोझिशन काढूनच बघावी लागते. आपल्या ४२ च्या प्लंजरला थ्रोट बुश (चेंबरच्या बाजूची आधाराची बुश) २० मिमी, पॅकिंगच्या ८ मिमीच्या पाच रिंगा म्हणजे ४०, ग्लँड (पॅकिंग मागून आवळणारा भाग) २५. एकूण ८५ मिमी प्लंजर कायम या भागात असणार. मागच्या टोकाला आल्यावर प्लंजरचं नाक बुशच्या पुढे निदान १० मिमी राहिलं पाहिजे, नाहीतर नाकाची कडा पॅकिंगपर्यंत येते आणि पॅकिंग फाडते. पुढच्या टोकाला गेल्यावर मागचं कपलिंग ग्लँडला लागू नये म्हणून १५ मिमी मोकळे. आणि मध्ये ५२ मिमी स्ट्रोक. ८५ + १० + १५ + ५२ = १६२ मिमी गुळगुळीत भाग, त्यापुढे क्रॉसहेडला जोडायच्या आट्या २० मिमी धरल्या तर १८२. ग्लँड आवळत जाल तसा तो आत जातो, त्यामुळे १५ मिमी मोकळी जागा वाढतेच, ती बाजू सुरक्षित आहे. पुढे चेंबरमध्ये प्लंजर ६२ मिमी शिरतो, तिथे ५ मिमी तरी जागा सोडा.

ती उरलेली जागा फार मोठी ठेवली तर काय होतं? कमी प्रेशरला फारसं काही नाही. पाणी दाबलं जात नाही असं आपण म्हणतो पण थोडं दबतंच, ४० बारला साधारण ०.१८ टक्के, ४०० बारला १.८ टक्के. चेंबरमध्ये उरलेलं पाणीही दबतं आणि सक्शनच्या वेळी परत फुगतं, म्हणून उरलेली जागा स्ट्रोकच्या पाण्याच्या दीडपट असेल तर ४०० बारला अडीच गुणिले १.८, म्हणजे साडेचार टक्के डिस्चार्ज तिथेच जातो. म्हणून हाय प्रेशर पंपात चेंबर घट्ट ठेवतात. हवा अडकेल असा वरचा कोपरा मात्र कुठल्याही प्रेशरला नको.

फट किती ठेवायची

रिंग किंवा सील नसलेल्या, नुसत्या फटीवर चालणाऱ्या पिस्टनमध्ये गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. आणि पिस्टन एका बाजूला टेकला की तीच फट असूनही गळती अडीचपटीपर्यंत जाते. हे एकदा लक्षात आलं की मायक्रोमीटरच्या शेवटच्या आकड्याला माणूस मान देतो.

पण फट कमी करतानाही मर्यादा आहे, ती गरमीची. पितळ एका अंशाला मिमीमागे ०.००००१९ मिमी वाढतं, बीड ०.००००११, इथे पण शून्य मोजूनच लिहा. १०० मिमीचा पितळी पिस्टन बीडाच्या सिलिंडरमध्ये आहे आणि पंपात अचानक गरम पाणी आलं. पिस्टन चारी बाजूंनी पाण्यात, तो ६० अंशांनी तापला, ०.११४ मिमी वाढला. सिलिंडर बाहेरून थंड, तो तेवढ्या वेळात समजा २० अंशच तापला, ०.०२२ वाढला. म्हणजे फटीतले ०.०९ मिमी गेले. व्यासावर ०.१० फट ठेवली असती तर पिस्टन जाम व्हायच्या काठावर. पंप तासभर चालून सगळं सारखं तापलं की फरक निम्म्यावर येतो, म्हणून हिशोब सुरुवातीच्या दहा मिनिटांचा करायचा. रिंग असलेल्या पिस्टनला म्हणूनच मी १०० मिमीला व्यासावर ०.२ ते ०.३ सोडतो, गळती रिंग सांभाळते. रिंगचा गॅप मिमीमागे ०.००३ ते ०.००४, म्हणजे १०० च्या बोअरला ०.३ ते ०.४, आणि तो रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने मोजायचा, हातात धरून नाही.

चामड्याचा किंवा रबराचा कप असेल तर फट वेगळ्या कारणाने बघायची, प्रेशरमुळे कपाची कडा मागच्या फटीत घुसू नये म्हणून. या कपाची कल्पना फार सुंदर आहे. जोसेफ ब्रामाने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं तेव्हा गळती ही मोठी अडचण होती, आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेने चामड्याचा असा कप केला की प्रेशर वाढलं की तोच बाहेर फुगून घट्ट बसतो. आजचं व्ही पॅकिंग त्याच तत्त्वावर चालतं. म्हणून ते बसवताना ओठ प्रेशरच्या बाजूला हवा, आणि ग्लँड जीव खाऊन आवळायची गरज नसते.

जुन्या पंपाचं माप घेताना

नवीन डिझाईनपेक्षा जुना पिस्टन परत करायचं काम जास्त येतं, आणि तिथे मी एकदा चांगलाच फसलोय. लायनर (सिलिंडरच्या आत बसवलेली नळी) काढायला वेळ नव्हता, मी तोंडाशी व्हर्निअर लावला, १००.०५ आला, त्याला धरून पिस्टन करून घेतला. पिस्टन आत सरकला, तोंडाशी छान बसला, पण पंप चालू केल्यावर प्रेशरच धरेना. दुसऱ्या दिवशी लायनर काढून बोअर गेज घातला तर मध्यभागी १००.४२. तोंडाशी रिंग पोचतच नव्हती म्हणून तिथे झीज नव्हती, तिथलंच माप मी घेतलं होतं. आणि १००.४२ ला धरून केला असता तर तो तोंडातून आत गेलाच नसता. अशा लायनरला नवा पिस्टन हा उपायच नाही, लायनर बोअर करून होन करायचा (आतून घासून गुळगुळीत करायचा) किंवा बदलायचा, मग पिस्टन.

तेव्हापासून बोअर तीन खोलींवर आणि प्रत्येक खोलीवर दोन दिशांना, असे सहा आकडे लिहून घेतो. वर-खालचा फरक म्हणजे टेपर, दोन दिशांचा फरक म्हणजे ओव्हल. गंमत बघा, १०० चा १००.४२ झाला तर क्षेत्रफळ फक्त ०.८४ टक्के वाढतं, पाण्याच्या हिशोबात ते दिसणारही नाही. पाणी कमी येतं ते त्या ०.४२ च्या फटीतून मागे पळतं म्हणून.

पाणी वाढवायला मोठा प्लंजर घालायचा का

त्याच फ्रेमवर, त्याच स्ट्रोकला ४२ च्या जागी ४८ चा प्लंजर घातला तर क्षेत्रफळ १.३०६ पट होतं, कारण व्यास वर्गात येतो. पाणी ६०.३ वरून ७८.८ लिटर. ऐकायला छान. पण ४० बारलाच चालवला तर भार ५५४२ चा ७२३८ न्यूटन होतो आणि मोटरला ६.२ किलोवॅट लागतात, म्हणजे ५.५ ची मोटर ओव्हरलोड. फ्रेम ज्या भारासाठी बनवलीय तोच ठेवायचा तर प्रेशर ४० भागिले १.३०६, म्हणजे ३०.६ बारवर आणावं लागतं, रिलीफ व्हॉल्व्ह पण त्या हिशोबात खाली. पंप बनवणारे एकाच फ्रेमवर वेगवेगळ्या व्यासाचे प्लंजर देतात आणि प्रत्येकापुढे वेगळं कमाल प्रेशर लिहितात ते याचसाठी. मी एका पंपावर नुसता प्लंजर बदलला, रिलीफला हात लावला नाही, आणि थोड्याच आठवड्यांत क्रँककेसच्या तेलात बेअरिंगचं चकाकणारं मेटल सापडलं. प्लंजर बदलला की प्रेशरचा आकडा त्याच दिवशी बदला.

सक्शन झेपतंय का

शेवटची आणि सगळ्यात जास्त वेळा वगळली जाणारी तपासणी. रेसिप्रोकेटिंग पंपात सक्शन पाइपमधलं पाणी सारखं वेग घेतं आणि सोडतं, त्याला ढकलायला जो हेड (पाण्याच्या उंचीत, मीटरमध्ये मोजलेला दाब) लागतो तो ॲक्सिलरेशन हेड. हिशोब असा: पाइपची लांबी × पाइपमधला वेग × आरपीएम × पंपाचा आकडा, भागिले (१.५ × ९.८१). पंपाचा आकडा ट्रिप्लेक्सला ०.०६६, पाच प्लंजरवाल्याला ०.०४०. १.५ हा पाण्यासाठी.

आपल्या पंपाला ४ मीटर लांब, आतून ४० मिमीचा पाइप लावला तर वेग ०.८ मीटर प्रति सेकंद, आणि हेड येतो ४.३ मीटर. हवेचा दाब समुद्रसपाटीला सगळा मिळून १०.३ मीटर, त्यातले ४.३ इथेच गेले, वर पाणी उचलायची उंची, घर्षण, फूट व्हॉल्व्ह, वाफेचा दाब वेगळा. पाइप ५० चा केला तर २.८ मीटर. आणि पाइप ४० चाच ठेवून पंप २०० आरपीएमवर आणला, तेवढंच पाणी मोठ्या प्लंजरने काढलं, तरी २.९ वर येतो. म्हणजे बघा, सक्शन अवघड असेल तर मोठा व्यास आणि कमी स्पीड, प्रेशर जास्त असेल तर बारीक व्यास आणि लांब स्ट्रोक, दोन्ही बाजूंनी ओढाताण आहे आणि व्यास या ओढाताणीत ठरतो. माझं मत विचाराल तर आधी पाइप मोठा आणि आखूड करा, स्पीडला नंतर हात लावा, पाइप सगळ्यात स्वस्तात सुटतो.

बसवल्यावर मोजून बघणं

सगळं बसवलं की २० लिटरची बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या. आपल्या पंपाने बादली २० सेकंदांत भरली पाहिजे. समजा २४ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला ५० लिटर, भागिले ६४.८, एफिशियन्सी ७७ टक्के. लगेच प्लंजरचं माप चुकलं असं धरू नका. आधी डिलिव्हरी पूर्ण मोकळी सोडून मोजा, मग व्हॉल्व्ह आवळून ४० बार आणून रिलीफ बंद आहे याची खात्री करून परत मोजा. मोकळं असतानाही २४ सेकंदच लागत असतील तर भानगड सक्शनला आहे, हवा ओढतोय किंवा चेंबर पूर्ण भरत नाही. मोकळं असताना २० आणि ४० बारला २४ लागत असतील तर पाणी मागे पळतंय, ग्लँडमधून बाहेर धार दिसत नसेल तर व्हॉल्व्हच्या सीट काढा, एक एक करून बोटाने चाचपा, कुठल्यातरी एकीवर कचरा दबल्याची खूण लागेल.